सावलीचा हुकूम

मंगळवारी सकाळी दहाच्या आधी तुम्ही गेलात. जिजी चहाचा पेला घेऊन खाटेजवळ आली, तिनं हाक मारली, तुम्ही ओ दिली नाही. मी चुलीपाशी होते.

आबा, आज चौदावा दिवस. कालचं सगळं आटोपलं आणि पाहुणे आपापल्या गावी गेले. जिजीला कालपासून थोडी झोप लागते आहे. मला लागत नाही. तुम्हांला काही सांगायचं आहे आणि काही विचारायचं आहे, आणि दोन्हींची मला सवय नाही.

या घरात मी सून म्हणून आले त्याला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी तुमच्याशी एक शब्द बोललेले नाही. आपल्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. सासरा ओट्यावरून आत आला की ती पदर ओढून भिंतीकडे सरकते. याला जाच म्हणतात असं मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही तसं वाटलं नव्हतं. माझ्या आईनं हेच केलं, माझ्या सासूनं, जिजीनंही हेच केलं. पदराखालून माणसाचे पाय दिसतात. तुमचे पाय मी बाजारच्या गर्दीतही ओळखले असते. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं, आणि चालताना डावं पाऊल किंचित आधी थांबायचं. चेहरा मात्र मी नीट पाहिला तो त्या मंगळवारी, तुम्हांला अंगणात ठेवल्यावर. तुमच्या भुवया इतक्या दाट असतील असं मला वाटलं नव्हतं.

आणि तरी आपण बोललो. पुष्कळ बोललो, असं मला गेल्या आठवड्यापासून वाटू लागलं आहे. ते बोलणं दिल्लीच्या वाणिज्य मंत्रालयामार्फत झालं.

मुंबई राज्य होतं तेव्हाची गोष्ट. तापीकाठच्या चार गावांतल्या मिरचीवाल्यांना घेऊन तुम्ही सोसायटी काढलीत. मिरची आपल्या पथारीवर, गावाबाहेरच्या त्या चोपून सपाट केलेल्या जमिनीवर वाळायची. तिथून ती व्यापाऱ्याकडे जायची, व्यापाऱ्याकडून मुंबईला आणि मुंबईहून बोटीनं लंकेला. मिरची आपली आणि पोत्यावर नाव दुसऱ्याचं, हे तुम्हांला खुपायचं. पोत्यावर सोसायटीचं नाव दिसावं, एवढंच तुमचं मागणं. शहाद्याच्या एका वकिलानं तुम्हांला सांगितलं की देशाबाहेर माल पाठवायचा तर परवाना लागतो, आणि कोणी, काय, किती पाठवायचं ते दिल्लीत वाणिज्य मंत्रालय ठरवतं. तुम्ही घरी येऊन जिजीला म्हणालात, "आपला वाणी दुकानमा बसस, सरकारना वाणी दिल्लीमा बसस." तेव्हापासून आपल्या घरात त्या मंत्रालयाचं नाव 'दिल्लीचा वाणी' पडलं.

वकिलानं अर्ज लिहून दिला. उत्तर आलं ते इंग्रजीत. तुमच्या मुलानं सातवी फायनल केली होती, इंग्रजी नव्हतं. मी नवापूरच्या मास्तरांची मुलगी, नंदुरबारला मावशीकडे राहून मॅट्रिक झालेली. लग्नात वडिलांनी भांड्यांच्या पेटीत एक इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवला होता, आणि आपल्याकडच्या बायका भांडी मोजताना त्याला हसल्या होत्या. ते पत्र सदऱ्याच्या खिशात घेऊन तुम्ही दोन दिवस हिंडलात. तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर बसून, कुणाकडेही न बघता म्हणालात, "घरमा मॅट्रिक ऱ्हाईसन कागद शहादाले लई जानं म्हंजे..." आणि वाक्य तिथंच सोडलंत.

जिजी उंबऱ्यावर डाळ निवडत होती. तिनं सुपातून वर न बघता निकाल दिला. "कागद वाचनं म्हंजे बोलनं नई. पोथी वाचतंस तसा वाचाना."

तशी आपली बैठक ठरली. तुम्ही ओट्यावर, मी माजघराच्या दाराआड, मध्ये उंबऱ्यावर जिजी. मी एक वाक्य इंग्रजीत वाचायची, मग त्याचं मराठी सांगायची. तुम्हांला काही विचारायचं असलं की तुम्ही जिजीला म्हणायचात, "तिले इचार." मी जिजीला उत्तर द्यायची. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, म्हणून जिजी मधलं काहीच पोचवत नसे. नुसती एकदा तुमच्याकडे, एकदा दाराकडे मान वळवायची. एकदा म्हणाली, "मन्ही मान मोडी जाई ह्या दिल्लीपायी."

पहिल्याच पत्रात मी चूक केली. मालात 'फॉरिन मॅटर' नसावं असं लिहिलं होतं. मी वाचलं, "परदेशी पदार्थ नसावा." तुम्ही म्हणालात, "मिरचीमा परदेशी काय ऱ्हाई?" सोसायटीतले दामूभाई तुमच्या शेजारी बसलेले असायचे, त्यांच्या जिभेला कधी विसावा नसे. ते म्हणाले, "लंकावालास्ले वाटत असीन, आपू विलायती साबू लाईसन मिरची धोतंस." दोन दिवस चार गावांत यावर विचार चालला. मग मी कोश काढला. माती, काडी, केस, खडा, जे मालातलं नाही ते परकं. जिजीकडून तुम्हांला कळवलं. तुम्ही म्हणालात, "म्हंजे आपली मातीबी परदेशी व्हयनी का?" आणि हसलात. तुमचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्याच पत्रात आपल्या सोसायटीला 'न्यूकमर' म्हटलं होतं. आधीपासून माल पाठवणारे ते जुने, पहिल्यांदाच परवाना मागणारा तो नवागत, आणि नवागताच्या अर्जाची तपासणी वेगळी. मी म्हटलं, "नवीन आलेला." तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे आपू दिल्लीनी नवी सून शेत. काम करानं, तोंड उघडानं नई, सासू काय म्हनस ते दखानं." ओट्यावरचे सगळे हसले. दाराआड पदर तोंडात धरून मीही हसले. ते तुम्हांला ऐकू गेलं असावं, कारण तुम्ही उगाच खाकरलात.

तुमचा आणि दिल्लीच्या वाण्याचा वाद काही संपला नाही. "देश सोतंतर व्हयना, मिरची नई व्हयनी," असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचात. आपलं रान, आपले बैल, आपलं पाणी, मग लंकेला जायला दिल्लीला का विचारायचं? मला याचं उत्तर द्यायचं असे. शिळी वर्तमानपत्रं मी पुड्या सोडवून वाचायची. देशाला यंत्रं आणायची आहेत, धान्य आणायचं आहे, त्याला बाहेरचा पैसा लागतो. तो मिळवायचा तर माल बाहेर जायला हवा. पण सगळाच बाहेर गेला तर इथल्या माणसानं काय खायचं? म्हणून एका दारावर कुणीतरी बसून काय जातं, काय येतं ते बघायला हवं. घराला उंबरा असतो तसं. हे मी मनात कितीदा रचलं. पण पत्रात नसलेलं मी कसं बोलणार?

आणि एकदा बोलले. ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते हेच.

त्या हिवाळ्यात जिजीबरोबर मी पथारीवर भाकरी पोचवायला जायची. सातपुड्यातून उतरलेल्या बायका तिथं दिवसभर उन्हात बसून वाळलेल्या मिरचीचे देठ खुडायच्या. त्यांत अक्राणीकडची गिमली होती. तिचं पाच महिन्यांचं मूल बैलगाडीखाली निजवलेलं असे. ऊन फिरलं की गाडीची सावली फिरायची, आणि गिमली उठून मुलाला सरकवायची. त्याला हात लावायच्या आधी ती दर वेळी ताकानं हात धुवायची. एके दिवशी ती धुवायला विसरली आणि त्याच बोटांनी तिनं त्याचे डोळे पुसले. मी तिथं असताना ते मूल रडायला लागलं, आम्ही निघालो तेव्हाही रडत होतं. गिमलीनं आमच्याकडे बघितलं नाही. ती हात पाठीमागे बांधून त्याच्याजवळ उकिडवी बसली होती.

मी जिजीला म्हटलं, वर काहीतरी छप्पर हवं, निदान मुलं एका जागी राहतील. ती म्हणाली, "आजलगून अश्याच खुडतंस त्या." तुमच्या मुलाला म्हटलं. ते म्हणाले, "आबास्ले मी काय सांगू?" तुम्हांला सांगायला मला वाट नव्हती.

चार दिवसांनी दुसरं पत्र आलं. माल कसा वाळवता, कसा निवडता, पोती कोणती, स्टेशन कोणतं, याची माहिती मागवली होती. मी वाचत गेले. शेवटच्या परिच्छेदाआधी थांबले, आणि जे कागदावर नव्हतं ते वाचलं. आधी इंग्रजीत एक वाक्य म्हटलं, व्याकरण चुकू नये म्हणून मनात दोनदा घोळवून. मग मराठीत सांगितलं, "वाळलेल्या मालाचा रंग उन्हाने उतरू नये यास्तव देठ खुडण्याचे काम सावलीत करण्यात यावे." 'यास्तव' आणि 'करण्यात यावे' मी मुद्दाम घातलं.

तुम्ही म्हणालात, "मिरची उन्हामा वाळस. तिले सावली कसाले?"

"जिजी, वाळल्यानंतरचं म्हणत आहेत," मी म्हटलं.

दामूभाई म्हणाले, "दिल्लीमा बठीसन ह्यासले आपलं ऊन लागस." सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत.

आठ दिवसांनी तुम्ही उत्तर सांगायला बसलात. मी दाराआड इंग्रजीत उतरवून घेत होते. सगळं सांगून झाल्यावर तुम्ही आणखी एक ओळ घालायला लावलीत, "आखो लिख म्हना. आपला हुकूम पोचना. सावली कितला हात लांब, कितला हात रुंद, ते कयवा." हुकूम पोचला म्हणे, आता मापं हवीत. दिल्लीनं जे सांगितलंच नाही त्याची मापं मी दिल्लीला कशी विचारू? मी ते वाक्य सोडून बाकीचं पत्र लिहिलं आणि घडी घालून जिजीच्या हातात दिलं.

मग तिसरं पत्र आलं. फक्त दोन ओळी: आपले पत्र मिळाले, अर्ज विचाराधीन आहे. मी तेवढं वाचलं. तुम्ही विचारलंत,

"इतलंच? सावली कितला हात, त्यानं काही नई?"

त्या दिवशी ओट्यावर दुसरं कुणी नव्हतं, जिजी आणि आपण. मी कागदाकडे बघत म्हटलं, "मांडव तीस हात लांब, बारा हात रुंद असावा."

"आखो काही म्हनस का सरकार?"

"मधली बल्ली आडवी आणि मजबूत असावी. तिला झोळ्या बांधता याव्यात."

तुम्ही म्हणालात, "दिल्लीवालास्ले आपला लेकरंबी माहीत शेत?"

जिजी म्हणाली, "त्यासना घरमाबी व्हतीन."

चौथ्या दिवशी पथारीच्या कडेला बांबू पडले. तुरीच्या काड्यांचं छप्पर आलं. भाकरी पोचवायला गेले तेव्हा मी हळूच पावलं टाकून मापून पाहिलं. तीस हात, बारा हात. मधल्या बल्लीला सात झोळ्या लटकत होत्या. गिमली खुडता खुडता एका पायानं दोरी ओढत होती.

मला आनंद झाला आणि त्याहून जास्त भीती वाटली. पुढच्याच पत्रात दिल्लीनं कळवलं की सोसायटीच्या कुणीतरी मालाचे नमुने घेऊन मुंबईच्या कचेरीत यावं. तुम्ही नंदुरबारहून सुरतमार्गे गेलात. तुम्ही साहेबापुढे हात जोडून म्हणाल, आपल्या हुकमाप्रमाणे सावली केली. साहेब विचारील, कोणता हुकूम? ज्यांना पत्र वाचता येत नाही त्यांना परवाना कसा द्यायचा, असं ते म्हणतील. पोत्यावरचं नाव माझ्यामुळे जाईल. चार दिवस मी हेच रचत होते. भाजी दोनदा करपली.

पाचव्या दिवशी तुमचे पाय ओट्यावर दिसले, धुळीनं भरलेले. तुम्ही मुंबईचं काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीचे सात-आठ जण आले. तुम्ही जिजीला म्हणालात, "ते सावलीनं पत्र तिले वाची दाखाडाले सांग."

मला वाटलं, कळलं. मुंबईला कळलं, आणि आता चारचौघांत खरं काय ते माझ्या तोंडून हवं आहे. मी कागदाची घडी उलगडली. मी विचार केला, आता तरी खोटं नको. आणि पत्र जसं होतं तसं वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्यात सावली नव्हती.

दामूभाई तुम्हांला म्हणाले, "आते? सावली कोठे शे ह्यामा? छगनभाई, आमनाकडथून बांबू लिनात, आठ दिन गाड्या लिन्यात."

कुणीतरी म्हणालं, "म्हंजे सरकारनं सांगेलच नई?"

दाराखालच्या फटीतून तुमचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत. मग तुम्ही म्हणालात, "सरकारनं नई सांगेल. मी सांगेल शे. मांडो ऱ्हाऊ द्या." आणि उठून शेताकडे गेलात.

त्यानंतर एकही पत्र माझ्या दाराशी आलं नाही. शहाद्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे भालेराव मास्तर होते, पत्रं त्यांच्याकडे जाऊ लागली. त्या वर्षी थोड्या मालाला परवाना मिळाला. पोत्यांवर सोसायटीचं नाव छापलं, हे मला जिजीनं सांगितलं. पोती नंदुरबार स्टेशनकडे निघाली तेव्हा बायकांनी बैलांना ओवाळलं, त्यांत मीही होते. तुम्ही पुढच्या गाडीजवळ उभे होता. पुढं एक-दोन वर्षं असंच चाललं. मग देशात मिरची महागली आणि दिल्लीनं बाहेर जाणारी मिरची थांबवली. तुम्ही कितीतरी दिवस ओट्यावर तळमळत होता. "नवी सून घरमा लिनी, नि दार लाई दिनं," असं म्हणत होता.

आबा, त्या वेळी मी दिल्लीच्या बाजूची होते. हे तुम्हांला आवडणार नाही, पण आज सांगते. गिमलीच्या भाकरीवर मिरची आणि मीठ याशिवाय दुसरं काही नसतं. ती मिरची तिला बाजारात मिळेनाशी झाली, तर लंकेला गेलेल्या पोत्यावर कुणाचं नाव आहे याला काय अर्थ? तुमचंही खोटं नव्हतं. ज्यानं वर्षानुवर्षं घाम गाळून दार उघडवलं त्याच्या तोंडावर ते लागलं, तर त्यानं कुणाला विचारायचं? मला वाटतं आपण दोघं यावर भांडलो असतो. चांगलं भांडलो असतो. तुम्ही जिजीला म्हणाला असता, "तिले इचार, ती कोनी सून शे, मन्ही का दिल्लीनी?" मी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे. पण तोवर दार बंद होतं.

मी धरून चालले होते की ती शिक्षा आहे. खोटं वाचल्याची शिक्षा, आणि ती मला वाजवी वाटत होती. तुम्ही माझं नाव चारचौघांत येऊ दिलं नाहीत. दर हिवाळ्यात मांडवावर नव्या तुरकाठ्या घातल्यात. याबद्दल मी मनातल्या मनात तुमचे पाय धरत आले. एवढ्यावर मी आठ वर्षं काढली.

तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी भालेराव मास्तर भेटायला आले. तुमच्या मुलाजवळ ओट्यावर बसले. मी दाराआड होते. इकडचं तिकडचं झाल्यावर ते म्हणाले, "आबांची एक गोष्ट मला कधी उलगडली नाही. पहिल्यांदा ते माझ्याकडे आले तेव्हा दिल्लीचं एक पत्र घेऊन आले होते. म्हणाले, मास्तर, यात सावलीचं कुठं लिहिलंय त्यावर बोट ठेवून दाखवा. मी दोनदा वाचून म्हटलं, असं काही यात नाही. त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, कोनले सांगू नका मास्तर, लिखेल शे असंच समजा. आणि मला विचारलं, बांबू चांगले कुठे मिळतील."

तुमच्या मुलाला त्याचा अर्थ लागला नाही. ते म्हणाले, "आबांचं काय, मास्तर."

मी दाराआडून विचारलं, "हे केव्हाचं?" परक्या पुरुषाशी मी असं कधी बोलले नव्हते. तुमचा मुलगा दाराकडे बघत राहिला.

मास्तर म्हणाले, "ते पत्र आलं त्याच आठवड्यातलं, मांडव घालायच्या आधीचं. त्याचीच तर ती तयारी होती."

तेव्हापासून मी ती सगळी वाक्यं पुन्हा लावते आहे. किती हात लांब, किती हात रुंद, हे तुम्ही दिल्लीला विचारत नव्हता. आखो काही म्हनस का सरकार, हेही दिल्लीला नव्हतं. तुम्ही मला विचारत होता. घरातल्या सुनेचं मत घ्यायला तुम्हांला दुसरा रस्ता नव्हता, मला द्यायला नव्हता, आणि मध्ये तो कागद होता. तुम्हांला ते पहिल्यापासून माहीत होतं. मला नव्हतं.

आणि मग ती दुपार. तुम्ही मुंबईला असताना दामूभाईंनी बांबूंवरून कुरबूर केली असणार. तुम्ही त्यांना बोलावलंत ते हुकूम ऐकवायला. मी तो आधीसारखाच वाचीन, अशी तुमची खात्री होती. मी खरं वाचलं, आणि तुम्हांला आठ माणसांसमोर एकटं सोडलं.

पण आबा, माझाही राग आहे, तो कुठं ठेवू? एकदा खाकरला असतात तरी मला कळलं असतं. मापं विचारताना एकदा म्हणाला असतात, "समजनं," तर मी ती दुपार तशी घालवली नसती. तुम्ही मोठे होता. आधी तोंड उघडणं तुम्हांला माझ्याहून सोपं होतं. मग पत्रं का बंद केलीत? मी खरं वाचून तुम्हांला 'आता पुरे' असं सांगते आहे, असं वाटलं का? का मन दुखावलं? की पुढं दामूभाईंनी 'सून मनचं वाचते' असं म्हणू नये म्हणून मला त्यातून काढलंत? सकाळी एक पटतं, दुपारी दुसरं. जिजीला विचारलं. ती म्हणाली, "त्यासनं मन त्यासलेच माहीत, माय." मुंबईच्या साहेबापुढे तुम्ही सावलीचं काही बोललात की नाही, हेही आता कुणाला विचारता येणार नाही.

आणखी एक आहे, ते लिहायचं मी टाळत होते. तुम्ही जायच्या आधीच्या आठवड्यात तुम्हांला ताप होता आणि जिजी विहिरीवर गेली होती. मी पाण्याचा तांब्या खाटेजवळ ठेवून मागे सरले. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "दिल्लीनं काही ऊनं का?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. जिजी नसताना तुम्ही कधी काही विचारलं नव्हतं. दिल्लीचं पत्र कित्येक वर्षांत आलं नव्हतं, तुम्हांलाही ते ठाऊक होतं. मला वाटलं, तापात बोलत आहेत. मी पदर पुढे ओढला आणि जिजीला हाक मारायला परसात गेले. आम्ही परत आलो तेव्हा तुमचा डोळा लागला होता.

रिकाम्या हातानं मला काहीही वाचता आलं असतं. पत्र आलं आहे, म्हटलं असतं. ते विचारतात तब्येत कशी आहे. ते म्हणतात, त्या दिवशी आमचं चुकलं. मी आता रोज एक नवं पत्र रचते. त्यांतलं एकही मला तेव्हा सुचलं नाही.

आज सकाळी घागर घेऊन ओट्यावर आले तर हात सवयीनं डोक्याकडे गेला आणि तिथंच राहिला. तुमचा मुलगा शेतात गेला आहे. जिजी आत निजली आहे. मी पदर ओढावा असं या घरात आता कुणी नाही.